बुढीची पाठवणी

चुलीवरच्या गंजात तांदूळ खदखदतोय. त्यात कोंबडीच्या माना, कोहळ्याच्या फोडी आणि चिमूटभर हळद. मीठ नाही. कांदा तर या चुलीजवळ येऊ द्यायचा नाही असा दंडकच आहे, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताई एकेक मान झाऱ्याने उचलून ताटात घेते, फुंकर घालते, बोटांनी मांस सोडवते आणि हाडं बाजूला टाकते. शिजलेलं हाड दातांखाली टोकदार फुटतं, घशात नाहीतर आतड्यात रुततं. पंधरा-वीस कुत्र्यांच्या जेवणातलं प्रत्येक हाड असं हाताने काढायचं म्हणजे सकाळचा मोठा वेळ इथेच जातो. आठवड्याचे सहा दिवस ती औषधाच्या दुकानात काम करते. आज रविवार आहे, म्हणून तिला घाई नाही.

वाशीम शहराबाहेर, एकबुर्जी प्रकल्पाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत हे शेत आहे. सोयाबीन निघून गेलंय, तूर पिवळ्या फुलांवर आली आहे. शेतमालकाने धुऱ्यालगतचा एक तुकडा भटकी कुत्री सांभाळणाऱ्या या पोरांना वापरायला दिलाय. त्यावर पत्र्याचं छप्पर, जाळीचे कप्पे, पाण्याचा हौद आणि ही चूल. नोव्हेंबर २०२५ संपत आलाय. रात्रीचा गारठा अजून जमिनीतून गेलेला नाही.

या पोरांच्या मंडळाचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीच तसं हात जोडून सांगितलंय. एकदा कोणीतरी भल्या हेतूने मोबाइलवर पत्ता फिरवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला तीन कुत्री बांधलेली सापडली. त्यातल्या एकाचा पाय रात्रभर साखळीत अडकून सुजलेला होता. तेव्हापासून फाटकावर पाटी नाही. ज्याला खरंच यायचं असतं तो फोन करतो, विचारत विचारत पोचतो.

पूर्वेकडचा कप्पा म्हाताऱ्यांचा आहे, कारण ऊन आधी तिथे पोचतं. खाली सिमेंट, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर बारदानाच्या गाद्या. गाद्यांत सोयाबीनचं कुटार भरायचं नाही, ते टोचतं. गव्हाचं भरायचं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या कोपरावर मांस उरत नाही. कडक जमिनीवर टेकून टेकून तिथे घट्टे पडतात, ते फुटतात, आणि मग ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. एका गादीवर काळू पडलाय, त्याला एकच डोळा आहे. दुसऱ्या गादीवर मागच्या पायांनी अधू झालेला लॅब्रॅडॉर. तो आला तेव्हा त्याच्या गळ्यात चांगल्या चामड्याचा पट्टा होता आणि सोबत पिशवीत त्याचा रोजचा कोरडा खाऊ. म्हणजे ज्याने सोडलं त्याला याची आवडनिवड ठाऊक होती. मला हे पाहवत नाही. त्याला कोणी मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. सात-आठ वर्षं घरात वाढवलं आणि जिने चढणं जमेना तेव्हा आणून बांधलं.

तिसऱ्या गादीवर बुढी. मातकट तांबडा रंग, थोबाड भुवयांपर्यंत पांढरं झालेलं, कानाच्या टोकाला खाच. ही खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. पुसद नाक्याच्या बाजूला एका चहाच्या हॉटेलासमोर तिने आयुष्य काढलं. हॉटेलवाल्याने हातगाडी बंद केली आणि तो गावी निघून गेला. त्यानंतर काही दिवसांतच रस्ता ओलांडताना तिच्या मागच्या डाव्या पायावरून दुचाकी गेली. हाड जुळलं, पण वाकडं. आता ती तो पाय टेकवते, त्याच्यावर भार मात्र देत नाही.

आज तिला न्यायला माणसं येणार आहेत. त्याआधी डॉक्टर तपासायला आलेत. शासकीय नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी ते इथे येतात, पैसे घेत नाहीत. बुढीसमोर ते सरळ उभे राहत नाहीत, बाजूला बसतात, हात तिच्या नाकाच्या खालच्या अंगाने पुढे नेतात. मग ओठ वर करतात. सुळे झिजलेले, पुढचे काही दात नाहीत. हिरडी बोटाने दाबून सोडतात. पांढरा पडलेला ठिपका क्षणात पुन्हा गुलाबी होतो.

“हिरडी फिकी असती तर आज पाठवलं नसतं,” ते म्हणतात. “आपल्याकडे गोचिडांचा ताप फार. रक्त उतरत जातं आणि वरून फक्त मलूल दिसतं. लोक म्हणतात, वय झालं. वय नसतं ते, आजार असतो. औषधाने बरा होतो.”

ते टॉर्चचा उजेड तिच्या डोळ्यात टाकतात. बुबुळामागे निळसर धूर दिसतो. हा मोतीबिंदू नव्हे, ते समजावतात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग दाट होत जातं आणि बाहेरून धुरकट दिसतं, पण बुढीला पुष्कळ दिसतं. ते बोटावरून एक काडी तिच्यासमोर टाकतात. ती बरोबर तिकडे मान वळवते. वय किती, असं मी विचारतो. पिल्लाचं वय दातांवरून महिन्यांत सांगता येतं, मोठ्या कुत्र्याचा नुसता अंदाज असतो. “दहाच्या वर असेल,” एवढंच ते म्हणतात. देशी कुत्रं घरात नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. रस्त्यावर एवढं वय गाठणारी फार थोडी.

डॉक्टर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेत. १८८६ सालचं ते कॉलेज. त्याच्या शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय आहे, तेही त्याच काळातलं. तिथे दारात आलेलं भटकं कुत्रंही रुग्णच, हे ते विद्यार्थी असताना शिकले. मुंबईत ही गोष्ट फार जुनी आहे. १८३२ च्या जूनमध्ये सरकारने दर कुत्र्यामागे आठ आणे लावून भटकी कुत्री मारायला लावली, तेव्हा फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले होते, दुकानं बंद पाडली होती. पुढे त्या शहरात १९८५ साली वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज ही संस्था उभी राहिली, पुण्यात २००७ साली रेस्क्यू. आपल्या विदर्भात वर्ध्याला पीपल फॉर ॲनिमल्सचं करुणाश्रम आहे. वाशीम जिल्हाच मुळी १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. इथे कुत्र्याची मोठी तपासणी करायची तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था गाठायची, ऐंशीएक किलोमीटर. बुढीच्या पायासाठी हाच प्रवास झाला, ऑटोत, मांडीवर घेऊन.

डॉक्टर कागदावर सांधेदुखीची गोळी लिहितात. ताई त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात ठळक लिहिते: माणसांची दुखण्याची गोळी देऊ नये. दुकानात बसून तिने हे पुष्कळदा पाहिलंय. कुत्रं लंगडलं की लोक घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देतात आणि चार दिवसांत जनावराला काळी शी होऊ लागते. पोटात व्रण होऊन रक्त गेलेलं असतं, मूत्रपिंडंही जातात. ज्या डायक्लोफिनॅकपायी देशातली गिधाडं संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तेच हे औषध.

नळाकडे गडबड होते. कॉलेजात जाणारा एक पोरगा पिल्लांच्या कप्प्यातून मनगट धरून बाहेर येतो. खेळताना दात लागलाय, बारीक ओरखडा आहे. “काही नाही ताई,” तो म्हणतो. ताई हातातलं ताट खाली ठेवते आणि त्याला सरळ नळाखाली नेते. कपड्याचा साबण, धार चालू, आणि तिच्या मोबाइलवर घड्याळ. पंधरा मिनिटं. पोरगा पाचव्या मिनिटाला हात काढू पाहतो, ती त्याचं कोपर धरून ठेवते. इथे काम करणाऱ्या प्रत्येकाने आधीच रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली आहे, तरी आजच्या आज जिल्हा रुग्णालयात जाऊन पुढचा डोस घ्यायचा, उद्यावर ढकलायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, ज्यांच्या लेकराला चावा बसलाय, त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. म्हणूनच कुत्र्यांवर माया करणाऱ्यांनी या बाबतीत सगळ्यांत कडक असायला हवं, आणि इथे ते तसे आहेत. मी ती पूर्ण पंधरा मिनिटं पाहत उभा राहतो.

या महिन्यात फोन वाढलेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला आदेश दिलाय की शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत. हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांचं. पण गावात कुत्र्यांसाठी काही करणारी चार पोरं आहेत हे कळलं की फोन त्यांनाच येतो: “आमच्या गेटवरचं घेऊन जा.” नेऊन ठेवायचं कुठे? बाकी रस्त्यांवरच्या कुत्र्यांसाठी २२ ऑगस्टचा आदेश आहे: नसबंदी, लस, आणि जिथून उचललं तिथेच परत, फक्त रेबीज झालेलं किंवा अंगावर धावून जाणारं कुत्रं सोडायचं नाही. त्याच आदेशात असंही आहे की ज्याला कुत्रं दत्तक घ्यायचंय त्याने घ्यावं, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. ताईने हे वाक्य दत्तकपत्रात घातलंय.

खरी अडचण जागेची आहे, आणि ती अडते म्हाताऱ्यांपाशी. पिल्लं जातात. तरुण कुत्री शेतावर राखणीला जातात. अपघातातून बरी झालेली आपल्या गल्लीत परत सोडता येतात. म्हातारं मात्र आलं की राहतं, कारण त्याला कोणी मागत नाही आणि रस्त्यावर सोडलं तर ते टिकत नाही. एकेक करून कप्पे भरत जातात, आणि रस्त्यावर जखमी पडलेल्या नव्या कुत्र्याला “जागा नाही” असं सांगायची पाळी येते. या शेडला ज्या माणसाला खरोखर मदत करायची असेल त्याने इथलं सगळ्यांत म्हातारं जनावर घरी न्यावं, असं मला आता पक्कं वाटतं.

फाटकाशी मोटरसायकल थांबते. तरुण आहे, रिसोडकडचा. “ताई, डबल हड्डीवालं लॅब नाई काय? पिल्लू?” ताई त्याला दीड वर्षाचा एक धडधाकट गावठी कुत्रा दाखवते. तो जाळीतून पाहतो, मान हलवतो आणि निघून जातो.

मग एक कुटुंब येतं. आज लेकीचा वाढदिवस आहे, म्हणून बिस्किटांचे दोन खोके आणलेत. मुलगी सात-आठ वर्षांची, नव्या फ्रॉकमध्ये, आईचा पदर धरून. ताई खोके घेते, नाही म्हणत नाही, पण मुलीच्या बापाला चुलीजवळ नेऊन बसवते. बिस्किटात साखर आणि मैदा, त्याने पोट बिघडतं, हे ती सांगते. मग एक वही उघडून दाखवते. वहीत नावं आहेत आणि नावांपुढे महिनावार रकाने. कोणी महिन्याला शंभर देतं, कोणी दोनशे. एका किराणा दुकानदाराचं नाव आहे, तो तुकडा तांदूळ देतो. एक बाई जुन्या चादरी धुऊन पाठवते. कापसाच्या हंगामात कोणीतरी बारदान देतं.

“दादा, वाढदिवसाला एकदम पाच हजार दिले तर मी नाही म्हणणार नाही,” ताई म्हणते. “पण काळूची हृदयाची गोळी रोज लागते. बुढीची सांध्याची गोळी लागते. मला महिन्याचे शंभर येतात हे नक्की माहीत असेल, तर मी पुढच्या महिन्याचं औषध आज सांगून ठेवू शकते.”

बाप खिशातून पेन काढतो. मुलगी मधेच विचारते, “मी कोणाचे पैसे देऊ?” ताई तिला म्हाताऱ्यांच्या कप्प्याकडे नेते. मुलगी बराच वेळ तिघांकडे बघते आणि एक डोळ्याच्या काळूकडे बोट दाखवते. वहीत काळूच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं जातं.

दहाच्या सुमारास स्कुटीवरून काका-काकू येतात, लाखाळ्यातून. काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत, त्यांचं बालपण मानोरा तालुक्यातल्या तांड्यावर आणि नोकरी वाशीम आगारात गेलेली. काकूंच्या हातात स्टीलचा डबा आहे.

“काका, पिल्लू बघायचं का?” ताई विचारते. हे ती मुद्दाम विचारते, मला माहीत आहे.

उत्तर काकू देतात. “नाई वो बाई. पिल्लू आनलं त थे चौदा-पंधरा वर्सं जगन. आमी जगू काय तवरोक? पोरगा पुन्याले, दोन खोल्यात. आमच्या मांगं त्याले कोन पाह्यन? आमाले म्हातारंच दे.”

हे ऐकून मी लिहायचं थांबतो. म्हातारं कुत्रं नेण्यामागे दया असते असं आपण धरून चालतो. या बाईने हिशेब मांडलाय, आणि तो दोन्ही बाजूंनी चोख आहे: आपल्याला किती वर्षं आहेत, त्याला किती आहेत.

ताई तरीही लगेच बुढीला पुढे करत नाही. ती प्रश्न विचारत जाते. घर खाली की वर? खाली. फरशी कसली? गुळगुळीत, नवीन. अंगणाला फाटक आहे? आहे. पुण्याला गेलात तर? शेजारची सून येऊन पाहील, नाहीतर इथे चार दिवस आणून ठेवू. रात्री दोन-तीनदा लघवीला उठवेल, चालेल? यावर काकू काकांकडे बघून म्हणतात, “हे तशेबी उठतेत. रिटायर झाले तवापासून यायले घरात गमतच नाई. पहाटे चारले उठून अंगनात येरझारा मारतेत.”

मग ताई बुढीची उणी बाजू सांगते, एकही गोष्ट न लपवता. पाय वाकडा राहणार. मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर आहे, म्हणून पाणी भरपूर, मीठ नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. फटाक्यांना घाबरते. झोपेत अंगावर हात टाकला तर दचकून तोंड फिरवते, चावलेली नाही, पण आधी आवाज द्यायचा. “वर्ष मिळेल काका, तीनही मिळतील. मला सांगता येत नाही.”

काका पहिल्यांदा बोलतात. “बत्तीस वर्सं येस्टी चालवली पोरी. जुन्या गाडीले जोर नाई लावा लागत. सबुरीनं घ्या लागते.”

बुढीला बाहेर आणतात. काकांना खाली बसता येत नाही, म्हणून ते उलट्या बादलीवर बसतात, ताईने सांगितल्याप्रमाणे अंग तिरकं करून, नजर तुरीकडे लावून. बुढी आधी स्कुटीचं चाक हुंगते. मग काकूंची पिशवी. मग दोघांनाही सोडून उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसते. बराच वेळ काहीच होत नाही. काकू डबा उघडतात: ज्वारीची भाकर ताकात कुस्करलेली, बिनमिठाची. फोनवर विचारून आणलेली. त्या डबा जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरतात. बुढी येते, हुंगते, डब्याचा काठ दातांनी धरून तो तसाच ओढत दूर नेते आणि सगळ्यांकडे पाठ करून खाते.

“खाऊ दे, खाऊ दे,” काकू म्हणतात. “पाहू नका रे कोनी तिच्याकडं.”

कागदावर सही होते. दत्तकपत्र दोन पानांचं आहे. लसीचं कार्ड, नसबंदीची नोंद, गोळीच्या वेळा. कोणत्याही कारणाने ठेवता आलं नाही तर रस्त्यावर सोडायचं नाही, इथे परत आणायचं, कोणी जाब विचारणार नाही. आणि शेवटी एक अट मंडळाने स्वतःवर घातलेली: बुढीच्या औषधाचा खर्च ती जिवंत असेपर्यंत मंडळ देईल. काका या ओळीवर अडतात. पेन्शन आहे म्हणतात, गरज नाही. ताई ऐकत नाही. वहीतली शंभर-दोनशेची नावं याचसाठी आहेत. म्हाताऱ्या कुत्र्याला घर देणारी माणसं बहुतेक वेळा औषधाच्या खर्चाला भिऊन मागे हटतात. तो खर्च बाहेरच्यांनी उचलला तर दार उघडतं. शेवटी असं ठरतं की गोळ्या मंडळाच्या, रक्ततपासणी काकांची.

ऑटोवाला दादा मागच्या सीटवर बारदान अंथरतो. इथली जखमी कुत्री आणणं-नेणं तोच करतो. बुढीला चढवताना एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे. पोटाखाली हात घालून उचललं तर पाठ दुखते. काकू तिच्याशेजारी बसतात, मी दादाजवळ. काका स्कुटीवर पुढे.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात तुळस आणि पेरूचं झाड. बुढी अंगणात उतरते, झाड हुंगते, पाणी पिते. दारात मात्र ती थांबते. पुढचा पंजा फरशीवर ठेवते आणि तो घसरताच मागे घेते. पुन्हा ठेवते, पुन्हा मागे. काका बघत राहतात. मग मागच्या खोलीतून ते गव्हाची रिकामी पोती काढून आणतात आणि उंबऱ्यापासून आतल्या पलंगापर्यंत एकापुढे एक अंथरतात. एक पोतं सरकतं, त्याचे कोपरे ते खुर्चीच्या पायाखाली दाबतात. बुढी पहिल्या पोत्यावर येते, नखं रोवते. दुसऱ्यावर. वाकडा पाय तिसऱ्या पोत्यावर टेकतो. पलंगाजवळ पोचल्यावर ती गोल फिरून खाली बसते, तोंड दाराकडे करून.

शेजारीण कुंपणावरून डोकावते. “काऊन वो काकू, आनाचंच व्हतं त तरनं तरी आनाव. येवढं बुढं कायले आनलं?”

“आमी कोनते तरने हावो?”

“आन घरात देव हाईत ना?”

काकू हनुवटीनेच भिंतीकडे खूण करतात. तिथे कारंज्याच्या गुरुमंदिरातून आणलेली दत्ताची तसबीर आहे. कारंजा याच जिल्ह्यातलं, नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. इकडच्या घराघरांत ही तसबीर असतेच. “पाह्य ना. चार हाईत त्याच्यापाशी,” काकू म्हणतात आणि चहाचं आधण ठेवायला आत जातात. शेजारीण थोडा वेळ तशीच उभी राहते, मग विचारते, “हिले चावाची सवय त नाई ना?” काका तिला लसीचं कार्ड दाखवतात.

चहा होतो. काका भिंतीवरच्या कालनिर्णयावर निळ्या पेनाने गोळीच्या खुणा करत बसलेत. ताईने दिलेल्या कागदावर लिहिलंय: पहिले तीन दिवस खाणार नाही कदाचित, कोपरा धरेल, जबरदस्ती नको, तीन आठवड्यांत घराच्या वेळा ओळखेल, तीन महिन्यांनी घर आपलं मानेल. काका ते वाचून तीन तारखांना गोल करतात. तांड्यावर त्यांच्या वडिलांकडे उंच, सडपातळ शिकारी कुत्री असत, कारवान जातीची. म्हातारी झाली की ती दिवसभर चुलीजवळ पडून असायची, आणि सणाच्या दिवशी त्यांचा वाटा आधी निघायचा, असं ते सांगतात. एसटीच्या नोकरीत मुक्कामाच्या गाड्या, आज पुसद, उद्या अकोला. कुत्रं पाळणं कधी जमलंच नाही.

दादाचा फोन वाजतो. ताई आहे. शेलूबाजारजवळ जुन्या हायवेच्या कडेला एक कुत्रा पडलाय, कंबरेला मार आहे, कोणीतरी सावलीत ओढून ठेवलंय. दादा उठतो, अर्धा चहा तसाच सोडून. “जागा हाय ना?” तो फोनवरच विचारतो आणि उत्तर ऐकून मान हलवतो. बुढीची गादी उन्हात टाकलीये, कप्पा धुवायला घेतलाय.

“काका, साखळी द्या,” दादा म्हणतो. “तिकडं लागन मले.”

काका खाली वाकतात, आधी “बुढे” असा आवाज देतात, मग पट्ट्याची कडी सोडवतात.

“पोती राहू द्या का तुमाले?” दादा ऑटोतलं बारदान दाखवून विचारतो.

“आमच्यापाशी हाईत,” काका म्हणतात. “थे घेऊन जा. जखमी हाय तो.”

दादा ऑटो वळवतो. मीही त्याच्याबरोबर निघतो.